एपिंगचें अरण्य कोणीं राखलें?

शहरांत राहणारा मनुष्य झाडांवर प्रेम करतो, असें म्हणण्याची रीत आहे. परंतु प्रेम करणें निराळें, आणि त्या प्रेमासाठीं कोर्टाची पायरी चढणें, पदरचा पैसा घालणें, वेळप्रसंगीं तुरुंगांत जाणें निराळें. बागेंत फिरावयास येणारे शेंकडों लोक ती बाग विकली जाऊं लागली म्हणजे हळहळतात व आपापल्या घरीं जातात. त्यांतले थोडे मात्र हळहळून थांबत नाहींत. हे थोडे लोक कोण असतात, आणि त्यांना घराबाहेर काढणारी प्रेरणा कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. त्याचें उत्तर नुसत्या तर्कानें शोधण्यापेक्षां एखाद्या घडलेल्या हकीकतींत शोधणें बरें. अशी एक हकीकत लंडन शहराच्या ईशान्येस असलेल्या एपिंगच्या अरण्याची आहे.

हें अरण्य मूळचें राजाचें शिकारीचें रान. राजाचें म्हणजे जमीन राजाच्या मालकीची असें मात्र नव्हे. जमिनीचे धनी निरनिराळे जमीनदार होते. हरणांच्या शिकारीचा हक्क तेवढा राजाचा. आणि ह्या दोघांच्या खालीं तिसरा हक्क गांवकऱ्यांचा. गांवकऱ्यांनीं आपलीं गुरें ह्या रानांत चारावीं, आणि लाउटन गांवच्या लोकांनीं हिंवाळ्यांत सरपणासाठीं झाडांच्या फांद्या तोडाव्या, अशी फार जुनी वहिवाट होती. हरणांना मोकळें फिरतां यावें म्हणून जमीनदाराला कुंपण घालण्याची मनाई असे. राजाचा शिकारीचा शौक शेंकडों वर्षें गरिबांच्या गुरांचेंहि रक्षण करीत आला, तो असा.

एकोणिसाव्या शतकांत ही घडी विसकटली. राजघराण्याला ह्या रानांतील शिकारीची गोडी उरली नव्हती, आणि लंडन शहर झपाट्यानें वाढत होतें. १८०१ सालीं दहा लाखांच्या आसपास असलेली त्याची वस्ती पन्नास वर्षांत दुपटीच्या वर गेली. शहराजवळच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. १८५१ सालीं एपिंगच्या शेजारचें हेनॉल्टचें अरण्य कायद्यानें मोडण्यांत आलें, आणि जुने ओक वृक्ष मुळांसकट उपटून तेथें शेतें करण्यांत आलीं. शतकें लागून वाढलेलें रान इतक्या थोड्या काळांत नाहींसें होऊं शकतें, हें आसपासच्या लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. इकडे सरकारनें एपिंगमधील आपले शिकारीचे हक्क जमीनदारांना विकण्यास प्रारंभ केला. हरणांचा अडसर दूर होतांच जमीनदारांनीं कुंपणें घालण्याचा सपाटा लावला. सुमारें सहा हजार एकरांचें मोकळें रान वीस वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलें.

लाउटनचे जमीनदार रेव्हरंड जॉन मेटलंड हे गांवचे धर्मोपदेशकहि होते. त्यांनीं १८६४-६५ च्या सुमारास हजारांहून अधिक एकर रान कुंपणांत घेतलें. त्याच गांवांत टॉमस विलिंगेल नांवाचा एक वृद्ध मजूर राहत असे. लांकडें तोडून आणणें व विकणें हा त्याच्या कुटुंबाचा आधार होता. गांवची वहिवाट अशी कीं, नोव्हेंबरच्या ११ तारखेला मध्यरात्रीं फांद्या तोडण्यास आरंभ करावयाचा आणि २३ एप्रिलपर्यंत तो हक्क चालावयाचा. त्या मध्यरात्रीं कुऱ्हाड पडली नाहीं तर हक्क कायमचा बुडतो, अशी गांवकऱ्यांची समजूत होती. जमीनदाराच्या माणसांनीं एका वर्षीं लांकूडतोड्यांना मेजवानी देऊन मद्य पाजलें व मध्यरात्र टळावी म्हणून त्यांना अडकवून ठेवलें, आणि म्हातारा विलिंगेल तेथून निसटून रानांत गेला व वेळेवर एक फांदी तोडून परत आला, अशी आख्यायिका तेथें अजून सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, गांवाला आपल्या हक्काची किती धास्ती वाटत होती, हें तिच्यावरून दिसून येतें.

कुंपण पडल्यावरहि विलिंगेलच्या घरचे लोक पूर्वीप्रमाणें रानांत जाऊन फांद्या तोडीत राहिले. १८६६ सालीं त्याच्या कुटुंबांतील तरुणांना त्यापायीं तुरुंगवास घडला. ज्या रानांत बापजाद्यांनीं उजळ माथ्यानें सरपण तोडलें, तेथेंच नातवंडें चोर ठरलीं. विलिंगेलला निसर्गसौंदर्याची आवड होती कीं नव्हती, हें कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं. त्याला जें दिसत होतें तें असें, कीं आपलें कांहींतरी आपल्यापासून हिरावून घेतलें जात आहे. प्रेरणांच्या मालिकेंतील पहिली प्रेरणा ही: चुलीची चिंता आणि हक्काची चीड.

परंतु एकट्या मजुराची चीड जमीनदाराच्या वकिलांपुढें किती टिकणार? ह्याच सुमारास, म्हणजे १८६५ सालीं, लंडनमध्यें गायरानें राखण्यासाठीं एक संस्था स्थापन झाली होती. जॉर्ज शॉ-लफेव्हर नांवाचे पार्लमेंटचे तरुण सभासद तिचे प्रवर्तक असून, जॉन स्टुअर्ट मिल यांच्यासारखे तत्त्वज्ञ तिच्यांत सामील झाले होते. पुढें १८६८ पासून रॉबर्ट हंटर हे संस्थेचे कायदेसल्लागार झाले. ह्या मंडळींना सरपण नको होतें कीं चराई नको होती. त्यांना शहरासाठीं हवा आणि मोकळी जागा हवी होती. पण 'शहराला मोकळी हवा मिळावी' असा हक्क इंग्रजी कायद्याला ठाऊक नव्हता. कायद्याला ठाऊक होता तो शेतकऱ्याचा चराईचा हक्क, लांकूडतोड्याचा फांदीचा हक्क. म्हणून सुशिक्षितांच्या ह्या संस्थेला कोर्टांत उभें राहण्यासाठीं एखाद्या गरिबाच्या जुन्या वहिवाटीचा आश्रय घ्यावा लागला. संस्थेनें वर्गणी जमवून विलिंगेलच्या नांवानें दावा लावला. दावा चालू असतांना म्हाताऱ्याला गांवांत काम मिळणें कठीण झालें आणि दावा सोडून देण्यासाठीं पैशाचें आमिष दाखविण्यांत आलें, असें सांगतात. त्यानें तें घेतलें नाहीं. १८७० सालीं तो वारला, आणि वादीच उरला नाहीं म्हणून दावाहि त्याच्याबरोबर संपला.

कोर्टाची वाट लांबची आहे असें वाटून कोणीं दुसरी वाट धरली नाहीं असें नव्हे. बर्कहॅम्स्टेड येथील गायरानाला जमीनदारानें लोखंडी कुंपण घातलें, तेव्हां ऑगस्टस स्मिथ नांवाच्या सधन गृहस्थांनीं १८६६ च्या मार्च महिन्यांत शंभरावर मजूर खास आगगाडीनें लंडनहून रातोरात नेले आणि उजाडण्यापूर्वीं तें कुंपण उपसून गुंडाळून ठेवलें. विशेष हें कीं, पुढें कोर्टाचा निकालहि स्मिथ यांच्या बाजूनें लागला. म्हणजे हीं माणसें कायदा मोडणारीं नव्हतीं; कायदा आपल्या बाजूस आहे असा त्यांचा विश्वास होता, आणि तो विश्वासच त्यांना बळ देत होता.

एपिंगच्या लढ्याला दुसरा वादी मिळाला तो अगदीं अनपेक्षित ठिकाणीं. लंडन सिटी कॉर्पोरेशननें शहरांतील मृतांच्या दफनासाठीं अरण्याच्या हद्दींत ऑल्डर्सब्रुक येथें जमीन विकत घेतली होती. त्या जमिनीबरोबर रानांत गुरें चारण्याचा हक्कहि कॉर्पोरेशनकडे आला होता. त्या रानांतील वहिवाट अशी होती कीं, एका गांवचें गुरूं दुसऱ्या गांवच्या हद्दींत फिरलें तरी कोणीं अडवावयाचें नाहीं. तेव्हां ज्याला एका कोपऱ्यांत चराई आहे, त्याला साऱ्या अरण्यांत चराई आहे, आणि साऱ्या अरण्यांतील कुंपणांविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकारहि आहे, हा मुद्दा हंटर यांनीं शोधून काढला. १८७१ सालीं कॉर्पोरेशननें जमीनदारांवर दावा लावला. साऱ्या लंडनच्या श्वासाचा प्रश्न अशा रीतीनें दफनभूमीच्या गुरचराईवर येऊन उभा राहिला.

त्याच वर्षीं तिसरा वर्ग पुढें आला. पूर्व लंडनच्या दाट वस्तींतील कामगारांना एपिंगचें रान म्हणजे रविवारची सुटका होती. लाउटनपर्यंत आगगाडी १८५६ पासून येत होती, आणि १८७१ च्याच कायद्यानें बँकांच्या सुट्या सुरू होऊन कष्टकऱ्यांच्या पदरांत आणखी कांहीं मोकळे दिवस पडले. ८ जुलै १८७१ रोजीं वॉन्स्टेड फ्लॅट्स ह्या माळावर हजारों लोक जमले. सभा शांततेनें व्हावी अशी पुढाऱ्यांची इच्छा होती. पण सभा आटोपल्यावर जमावानें माळावरचें कुंपण मोडून टाकलें. ह्या लोकांना सरपणाची वा चराईची जरुरी नव्हती. आठवड्यांतून एकदां मुलांना गवतावर धांवूं द्यावें, एवढीच त्यांची मागणी होती. ज्याच्या घरीं परसबाग आहे त्याला ही मागणी लहान वाटेल. ज्याच्या घरीं अंगणहि नाहीं त्याला ती लहान वाटत नाहीं.

१८७४ च्या जुलैमध्यें न्यायमूर्ति सर जॉर्ज जेसेल यांनीं निकाल दिला, आणि १८५१ नंतर घातलेलीं कुंपणें बेकायदेशीर ठरलीं. लंडन बंदरांत उतरणाऱ्या धान्यावरील जुन्या कराच्या उत्पन्नांतून कॉर्पोरेशननें जमीनदारांचे हक्क विकत घेतले. १८७८ सालीं खास कायदा होऊन अरण्य लोकांच्या विहारासाठीं सदैव मोकळें राखावें, त्यावर बांधकाम होऊं देऊं नये, असें ठरलें. ६ मे १८८२ रोजीं व्हिक्टोरिया राणीनें हाय बीच येथें येऊन तें अरण्य प्रजेला अर्पण केलें.

कथा येथें संपविली तर ती गोड होते. पण ती अपुरी राहते. ज्या कायद्यानें अरण्य वांचलें, त्याच कायद्यानें लाउटनच्या लोकांचा फांद्या तोडण्याचा हक्क बंद झाला. राखीव विहारभूमींत कुऱ्हाड चालणें योग्य नव्हे, असा नव्या व्यवस्थेचा विचार. १८७९ च्या नोव्हेंबरमध्यें हजारों माणसें मशाली घेऊन मध्यरात्रीं रानांत गेलीं आणि त्यांनीं आपली वहिवाट शेवटची साजरी केली. हक्काच्या मोबदल्यांत ७,००० पौंड ठरले. त्यांतून गांवांत एक सभागृह व वाचनालय बांधून १८८४ सालीं तें उघडण्यांत आलें. त्या इमारतीला 'लॉपिंग हॉल', म्हणजे फांदीतोडीचें सभागृह, हें नांव अजून आहे. वाचनालय ही चांगलीच गोष्ट. परंतु थंडीच्या दिवसांत चूल पुस्तकांनीं पेटत नाहीं. ज्यानें प्रथम लढा दिला त्याच्या हातांतलें साधन गेलें, आणि ज्यांनीं मागाहून साह्य केलें त्यांना हवें तें मिळालें. शहरांतील वनराईच्या इतिहासांत हा हिशेब पुष्कळदां असाच लागतो, आणि तो मांडल्यावांचून विजयाची गोष्ट सांगणें प्रामाणिकपणाचें होत नाहीं.

ह्या हिशेबाला पुढें आणखी एक वळण मिळालें. शतकानुशतकें माथ्यावर छाटलेल्या हॉर्नबीम व बीच ह्या झाडांना छाटणी बंद झाल्यावर वर जड फांद्यांचे भार आले. त्यांची सांवली दाटली आणि जमिनीवरील लहान वनस्पतींचा प्रकाश हरपला. अलीकडच्या दशकांत अरण्याच्या व्यवस्थापकांनीं हीच छाटणी पुन्हां हातीं घेतली आहे. ज्या कुऱ्हाडीला रानाची वैरीण मानून बाहेर काढलें, तीच रानाला त्याचें रूप देत आली होती, हें उमगण्यास शंभर वर्षें लागलीं.

आतां प्रेरणांकडे पुन्हां वळतां येईल. लाउटनच्या मजुराला हक्क हवा होता, पूर्व लंडनच्या कामगाराला सुटीचा दिवस हवा होता, सुशिक्षितांना शहराचें आरोग्य हवें होतें. शेजारच्या धनिकांची प्रेरणा कोणती, हें हॅम्पस्टेड हीथच्या लढ्यांत पाहावयास मिळतें. तेथील जमीनदार सर टॉमस मेरियन विल्सन १८२९ पासून घरें बांधण्याची परवानगी पार्लमेंटकडे मागत होते आणि चाळीस वर्षें ती त्यांना नाकारली गेली. विरोध करणाऱ्यांत हीथच्या कडेला स्वतःचे बंगले असलेले सावकार व पेढीवाले पुष्कळ होते. आपल्या खिडकींतून दिसणारी हिरवळ जाऊं नये, हा त्यांचा हेतु लपण्यासारखा नव्हता. स्वतः घरें बांधून बसलेले लोक मला बांधूं देत नाहींत, ही विल्सन यांची कुरकुर सर्वस्वी खोटी म्हणतां येत नाहीं. तरी १८७१ सालीं ४५,००० पौंड देऊन तो माळ शहरासाठीं घेतला गेला, तेव्हां ज्यांना खिडकीच नव्हती त्यांनाहि तो मिळाला. स्वार्थाची बाजू कधीं कधीं लोकहिताच्या बाजूला जाऊन मिळते. शहाणा कार्यकर्ता तिला हांकलून देत नाहीं, आणि तिच्या हातीं सूत्रेंहि देत नाहीं.

ऑक्टेव्हिया हिल ह्या बाईंची प्रेरणा आणखी निराळी. लंडनमधील गरिबांच्या चाळी सुधारण्याचें काम करतांना त्यांना दिसून आलें कीं, खोली कितीहि स्वच्छ केली तरी बाहेर बसावयास जागा नसेल तर कुटुंबाचें जीवन कोंडलेलेंच राहतें. १८७५ सालीं स्विस कॉटेजजवळचीं शेतें वांचविण्यासाठीं त्यांनीं वर्गणी जमविली. पुष्कळ पैसा जमलाहि, पण मालकांनीं व्यवहार मोडला व तेथें घरें उठलीं. त्या अपयशाचा धडा त्या विसरल्या नाहींत. जमीन संकटांत आल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां ती लोकांच्या वतीनें कायमची धारण करणारी संस्था हवी, हा विचार पुढें १८९५ सालीं नॅशनल ट्रस्टच्या रूपानें उभा राहिला. हिल, हंटर आणि रॉन्सली हे तिचे संस्थापक. आणि त्याच १८९५ सालीं एपिंगमधील झाडांच्या तोडीविरुद्ध वृत्तपत्रांत पत्रें लिहून वाद घालणारे कवि व कारागीर विल्यम मॉरिस हे त्या अरण्याच्या कांठीं वाढलेले होते. बालपणीं पाहिलेलीं झाडें उतारवयांत जशींच्या तशीं असावीं, ही आस त्यांच्या लेखणीमागें होती. स्मृति हीहि एक मालकी आहे. फक्त तिचा दस्तऐवज नसतो.

मुंबईच्या इतिहासांतहि ह्याच प्रेरणा दिसतात. १८३८ सालीं किल्ल्याबाहेरच्या मैदानांत गुरें चारण्यावर सरकारनें फी बसविली, तेव्हां जमशेटजी जीजीभाई यांनीं पदरचे २०,००० रुपये घालून ठाकुरद्वाराजवळ समुद्रकांठची जमीन घेतली व गरिबांच्या गुरांना मोफत मोकळी केली. चर्नी रोड हें नांव त्या चरणीची आठवण ठेवून आहे. गुरें मात्र केव्हांच गेलीं. पुढें १८८१ च्या सुमारास किल्ल्यापुढच्या मैदानाविषयीं दुसरा तंटा उपस्थित झाला. गोरे अधिकारी त्याच मैदानावर पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडे, आणि पारशी व हिंदु मुलांचें क्रिकेट अशक्य होई. ह्या मुलांनीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे अर्ज केले. एकदां त्यांच्यासारखा हुकूम झाला, पुन्हां फिरला. शेवटीं १८८७ सालीं पारशी जिमखान्याला केनेडी सी-फेसवर जागा मिळाली. पुढें इस्लाम व हिंदु जिमखानेहि त्याच रांगेंत आले. शापूरजी सोराबजी यांनीं १८९७ सालीं ह्या झगड्याचा इतिहासच लिहून ठेवला. मैदानाच्या गवतासाठीं ते झगडले तें गवताच्या प्रेमानें नव्हे. आपल्याच शहरांत आपण दुय्यम आहों, हें सोसवलें नाहीं म्हणून.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्यें मुंबईच्या आरे वसाहतींत मेट्रोच्या कारशेडसाठीं रात्रीं झाडें तोडूं लागले, तेव्हां रस्त्यावर आलेल्यांत महाविद्यालयीन तरुण होते, तसे तेथील पाड्यांवरचे आदिवासीहि होते. सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली तोंपर्यंत दोन हजारांवर झाडें पडलीं होतीं. पुढें आठशें एकरांहून अधिक जमीन राखीव वन झाली, आणि कारशेडहि अखेर तेथेंच झाली. तरुणांना शहराची हवा हवी होती, पाड्यांवरच्या लोकांना आपलें घर व वाडी. एपिंगच्या रानांतील दोन पक्ष दीडशें वर्षांनीं पुन्हां एकाच कुंपणाशीं उभे राहिलेले दिसले.

ह्या साऱ्या हकीकतींतून एक गोष्ट ठळकपणें पुढें येते. निसर्ग श्रेष्ठ आहे, असें पटल्यामुळें माणूस घराबाहेर पडतो, असें क्वचितच घडतें. ज्या जागेशीं त्याचें नित्याचें येणेंजाणें आहे, जेथें त्याचें गुरूं चरलें, मूल खेळलें, सरपण मिळालें, निदान सुटीचा दिवस गेला, ती जागा त्याला आपली वाटते. आणि आपल्या वस्तूवर दुसऱ्यानें कुंपण घातलें म्हणजे तो उठतो. म्हणून जी वनराई लोकांना दुरूनच पाहावयास मिळते, तिला संकटकाळीं रक्षक मिळणें कठीण. लोकांनीं वनराई राखावी असें ज्यांना वाटतें, त्यांनीं आधीं ती लोकांना वापरूं दिली पाहिजे. आणि ती वांचल्यावर, ज्यांच्या वापरामुळें वांचली, त्यांनाच प्रथम बाहेर काढूं नये. टॉमस विलिंगेलचें एवढें ऋण साऱ्या शहरांवर आहे.